संत्री, मोसंबी, लिंबू : ग्लासात कमी, ताटात जास्त

आजाऱ्याची विचारपूस करायला निघालो की आपल्या हातातल्या पिशवीत बहुधा मोसंबी असतात. रमजानमध्ये इफ्तारच्या दस्तरखानावर संत्र्याच्या फोडी असतात. खिचडा असो, निहारी असो की रोजचा डाळभात, बाजूला लिंबाची फोड नसेल तर ताट अपुरे वाटते. ही आंबट-गोड फळे आपल्या घरात इतकी रुळलेली आहेत की त्यांच्याकडे थांबून पाहण्याची गरज कुणाला वाटत नाही.

पण थोडे थांबून पाहिले पाहिजे. या फळांत जे चांगले आहे, ते आपल्या पोटात किती पोहोचते हे फळ कसे खाल्ले, कधी खाल्ले आणि कुणी खाल्ले यावर ठरते. रस काढून चोथा फेकला, वरून तीन चमचे साखर घातली, लिंबू उकळत्या डाळीत पिळले किंवा जेवण होताच चहाचा कप हातात घेतला, तर पैसे फळाचे जातात आणि फायदा अर्धाच मिळतो. म्हणून या लेखात आपण गुणांबरोबर ते गुण पदरात पाडून घेण्याच्या रीतीही पाहू.

एका मोठ्या खानदानाची फळे

संत्रे, मोसंबी, लिंबू, ईडलिंबू, पपनस, महाळुंग ही सारी एकाच कुळातली. शास्त्रज्ञ सांगतात की या कुळाचे मूळ हिमालयाच्या आग्नेय पायथ्याच्या प्रदेशात आहे. मेघालयातल्या गारो टेकड्यांत, नोकरेकच्या जंगलात, रानटी संत्र्याची झाडे आजही आहेत. महाळुंग, पपनस आणि मँडरिन या जुन्या जातींच्या संकरातून पुढची बरीच फळे जन्माला आली. पपनस आणि मँडरिन यांच्यापासून गोड संत्रे आले. मोसंबीही त्याच गोड गटातली.

यातल्या महाळुंगाचा आपल्या परंपरेशी जवळचा संबंध आहे. अरबीत त्याला उतरुज्ज म्हणतात. सहीह बुखारी आणि सहीह मुस्लिम या दोन्ही संग्रहांतील एका हदीसमध्ये कुरआनचे पठण करणाऱ्या मोमिनला याच फळाची उपमा दिली आहे, कारण त्याचा सुगंधही चांगला आणि चवही चांगली.

ही फळे पश्चिमेकडे नेण्यात अरब व्यापाऱ्यांचा आणि बागायतदारांचा मोठा वाटा होता. आंबट नारिंग आणि लिंबू त्यांच्याबरोबर सिसिली आणि स्पेनपर्यंत पोहोचले. कॉर्डोबाच्या जुन्या मशिदीचे अंगण आजही नारिंगांचे अंगण म्हणूनच ओळखले जाते. शब्दांनीही तोच प्रवास केला. संस्कृतातला नारंग फारसीत आणि अरबीत नारंज झाला आणि स्पॅनिशमध्ये नारांखा.

आपल्या राज्यात नागपूर आणि अमरावती जिल्ह्यांतला काटोल, नरखेड, वरुड, मोर्शी हा पट्टा संत्र्याचा, तर जालना मोसंबीचा. नागपुरी संत्रे आणि जालन्याची मोसंबी या दोघांनाही भौगोलिक मानांकन मिळाले आहे. संत्र्याचे दोन बहार असतात. आंबिया बहाराची फळे साधारण ऑक्टोबर ते डिसेंबरमध्ये उतरतात आणि मृग बहाराची फेब्रुवारीपासून पुढे. म्हणजे वर्षातले बरेच महिने ताजे फळ आपल्या दारात असते. त्यासाठी परदेशी स्टिकर लावलेली महाग फळे शोधण्याची गरज नाही.

खलाशांना वाचवणारी फळे

इसवी सन 1747 मध्ये ब्रिटिश नौदलाच्या सॅलिसबरी नावाच्या जहाजावर जेम्स लिंड नावाचे डॉक्टर होते. महिनोन्‌महिने समुद्रावर राहणाऱ्या खलाशांच्या हिरड्या सुजत, दात हलत, जुन्या जखमा उघडत आणि शेवटी मृत्यू येई. या रोगाला स्कर्व्ही म्हणतात. लिंड यांनी अशा 12 आजारी खलाशांच्या दोन-दोनच्या सहा जोड्या केल्या आणि प्रत्येक जोडीला वेगळा उपाय दिला. ज्या जोडीला रोज दोन संत्री आणि एक लिंबू मिळाले, ती सर्वांत लवकर सुधारली. तरीही नौदलाने लिंबाचा रस नियमाने द्यायला 1795 साल उजाडले.

त्या फळांतला गुणकारी पदार्थ म्हणजे क जीवनसत्त्व, हे विसाव्या शतकात कळले. त्यावरील कामासाठी अल्बर्ट सेंट-ग्यॉर्गी आणि वॉल्टर हॉवर्थ या दोन शास्त्रज्ञांना 1937 मध्ये वेगवेगळ्या विषयांतली नोबेल पारितोषिके मिळाली.

बहुतेक प्राणी हे जीवनसत्त्व स्वतःच्या शरीरात तयार करतात. माणसाला ते जमत नाही. शरीर त्याचा मोठा साठाही करत नाही, म्हणून ते रोजच्या खाण्यातूनच यावे लागते. त्वचा, हिरड्या, रक्तवाहिन्या आणि हाडे यांना धरून ठेवणारे कोलॅजन बनवायला ते लागते. जखम भरून यायलाही तेच लागते. भारतीय मापदंडांनुसार प्रौढ पुरुषाला दिवसाला 80 मिलिग्रॅम आणि स्त्रीला 65 मिलिग्रॅम क जीवनसत्त्व हवे. गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या मातांना याहून जास्त. मध्यम आकाराची दोन संत्री खाल्ली की ही गरज जवळपास भागते.

इथे दोन गोष्टी प्रामाणिकपणे सांगितल्या पाहिजेत. संत्री-लिंबे म्हणजे क जीवनसत्त्वाची एकमेव खाण नव्हे. पेरू आणि आवळा त्यांच्या कितीतरी पुढे आहेत. दुसरे म्हणजे, संत्रे खाल्ल्याने सर्दी होतच नाही, हा समज खरा नाही. नियमित क जीवनसत्त्व घेणाऱ्यांची सर्दी थोडी लवकर बरी होते, एवढेच अभ्यासांत दिसले आहे.

जी शेवटी जेवते तिच्यासाठी

आता या लेखातल्या सर्वांत महत्त्वाच्या मुद्द्याकडे येऊ. 2019 ते 2021 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशातल्या 15 ते 49 वयाच्या 57 टक्के स्त्रियांमध्ये रक्तक्षय आढळला. म्हणजे निम्म्याहून अधिक. जिना चढताना लागणारी धाप, सतत येणारा थकवा, पांढुरके पडलेले ओठ आणि नखे, या गोष्टी कामाचा ताण म्हणून आपल्या घरांत सहज दुर्लक्षिल्या जातात.

रक्तक्षयाचे एक मोठे कारण लोहाची कमतरता आहे. मटणातले लोह शरीर बऱ्यापैकी शोषून घेते. डाळी, हरभरे, पालक, मेथी, बाजरी यांतले लोह मात्र सहजासहजी अंगी लागत नाही. त्याचा मोठा भाग तसाच बाहेर जातो. याच जेवणात क जीवनसत्त्व असेल, तर हे वनस्पतींमधले लोह विरघळते आणि आतड्यातून रक्तात जाणे त्याला सोपे होते. डाळीवर पिळलेली लिंबाची फोड हे काम करते. आपल्या आजी-नानींनी केवळ चवीसाठी ताटात लिंबू ठेवले असे म्हटले, तरी ती चव फार उपयोगाची होती.

चहाचे काम याच्या अगदी उलटे. चहातले टॅनिन लोहाला धरून ठेवते आणि ते शोषू देत नाही. जेवण संपताच चहा घेण्याची सवय अनेक घरांत आहे. तो चहा जेवणानंतर निदान तासभराने घ्यावा. डॉक्टरांनी लोहाच्या गोळ्या दिल्या असतील, तर त्याही चहा किंवा दुधाबरोबर घेऊ नयेत. लिंबूपाण्याबरोबर घेतलेल्या बऱ्या.

आता एक साधा प्रश्न स्वतःला विचारू. घरात चार लिंबे आणली, तर त्यांच्या फोडी कुणाच्या ताटात जातात? आधी पाहुणे, मग पुरुष, मग मुले. सर्वांना वाढून झाल्यावर जी जेवायला बसते, तिच्या वाट्याला तळाची डाळ येते, लिंबू बहुधा संपलेले असते आणि ताट धुण्याआधी चहा ठेवायची घाई असते. लोहाची गरज घरात सर्वांत जास्त तिलाच असते. म्हणून फोडी कापतानाच तिची एक फोड बाजूला ठेवावी. वयात आलेल्या मुलीची आणि घरातल्या गरोदर सुनेचीही. लिंबामुळे रक्तक्षय बरा होतो असे नाही. त्यासाठी रक्ताची तपासणी आणि डॉक्टरांचे उपचार हवेतच. पण उपचाराला रोजच्या ताटाची साथ मिळते आणि तिला फारसा खर्च येत नाही.

एक रीत लक्षात ठेवावी. उष्णतेने क जीवनसत्त्व नष्ट होत जाते. म्हणून लिंबू शिजत्या भांड्यात न पिळता, वाढल्यावर ताटात पिळावे.

रस प्यावा की फळ खावे?

एक ग्लास रसासाठी तीन-चार संत्री लागतात. तेवढी संत्री आपण एका बैठकीत सहसा खात नाही, कारण दीड-दोन फळांतच पोट भरल्यासारखे वाटते. हे काम फोडींतल्या चोथ्याचे आणि पांढऱ्या धाग्यांचे. त्यांत पेक्टिन नावाचा तंतुमय पदार्थ असतो. तो पोट साफ ठेवतो आणि फळातली साखर रक्तात हळूहळू जाऊ देतो. रस गाळला की हा पहारेकरी निघून जातो आणि साखर रक्तात धावत सुटते.

जागतिक आरोग्य संघटनेच्या सल्ल्यानुसार वरून घातलेली साखर दिवसाला 25 ग्रॅमपर्यंत, म्हणजे सुमारे सहा चमच्यांपर्यंत असलेली बरी. फळांच्या रसातली साखरही त्या हिशेबात धरली जाते. गाडीवरच्या ग्लासात साखरेचा पाक पडतो, तो वेगळाच. म्हणून मधुमेह असणाऱ्यांनी रस टाळून, डॉक्टरांनी सांगितलेल्या प्रमाणात अख्खे फळ खावे. आजाऱ्याला भेटायला जाताना मोसंबी जरूर न्यावी, पण त्याला साखरेचा त्रास आहे का, मूत्रपिंडाचा आजार आहे का, हे आधी विचारावे. तापात तोंडाला चव नसलेल्या माणसाला मोसंबीच्या फोडी बऱ्या वाटतात, कारण तिचा आंबटपणा सौम्य असतो.

लहान बाळांच्या बाबतीत तर ठाम राहायला हवे. दोन-तीन महिन्यांच्या बाळाला चमच्याने मोसंबीचा रस पाजण्याची रीत अजून पुष्कळ घरांत आहे. पहिले सहा महिने बाळाला आईच्या दुधाशिवाय काहीही नको, पाणीसुद्धा नको. सहा महिन्यांनंतर वरचे मऊ अन्न सुरू होते, तेव्हा फळही कुस्करून देता येते. रस मात्र वर्षाच्या आत देऊच नये.

उन्हाळा, रोजे आणि पाणी

उन्हाळ्यातल्या रोज्यानंतर पहिली गरज असते पाण्याची. खजूर आणि साधे पाणी घेऊन इफ्तार केला आणि मग लिंबूपाणी घेतले, तर शरीराला तरतरी येते. हे सरबत जितके कमी गोड तितके बरे. रंगीत बाटलीतले सरबत आणि घरी पिळलेले लिंबू यांत मोठा फरक आहे. बाटलीवर फळाचे चित्र मोठे असते, आत मात्र बहुतेक साखरच असते. मधुमेह किंवा मूत्रपिंडाचा त्रास असणाऱ्यांनी रमजानच्या आधीच डॉक्टरांशी बोलून घ्यावे.

जुलाब-उलट्या झाल्या तर ओआरएसचे पाकीट सर्वांत चांगले. ते हाताशी नसेल, तर एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ हे प्रमाण घरात सर्वांना पाठ असावे. चवीला थोडे लिंबू चालते. मीठ अंदाजाने टाकू नये.

मुतखड्याचा त्रास असणाऱ्यांनाही लिंबाचा उपयोग होतो. लिंबातले सायट्रेट लघवीतल्या कॅल्शियमला बांधून ठेवते आणि खडा जमण्याला अडथळा आणते. ज्यांच्या लघवीत सायट्रेट कमी असते, त्यांना डॉक्टर लिंबूपाणी घ्यायला सांगतात. पण झालेला मोठा खडा लिंबाने विरघळतो, या भरवशावर दुखणे अंगावर काढू नये.

यांनी जपून

• मूत्रपिंडाचे जुनाट आजार किंवा डायालिसिस चालू असलेल्यांनी संत्री-मोसंबी डॉक्टरांना विचारूनच खावीत. त्यांतले पोटॅशियम अशा रुग्णांना बाधू शकते.

• ग्रेपफ्रूट आणि त्याचे जवळचे नातेवाईक पपनस यांमुळे काही औषधांचा परिणाम वाढतो. कोलेस्टेरॉलच्या आणि रक्तदाबाच्या काही गोळ्या त्यांत येतात. अशा गोळ्या चालू असतील तर ही फळे खाण्याआधी विचारावे.

• आम्लपित्त, घशाशी येणारे आंबट पाणी किंवा तोंडात फोड असतील, तर उपाशीपोटी लिंबूपाणी घेऊ नये.

• आंबट फळाने दातांवरचा कडक थर काही काळ मऊ होतो. फळ खाल्ल्यावर साध्या पाण्याने चूळ भरावी आणि दात निदान अर्ध्या तासाने घासावेत.

• चेहऱ्याला लिंबू चोळून उन्हात जाऊ नये. लिंबाच्या रसावर ऊन पडले की त्वचा भाजल्यासारखी होऊन काळे डाग राहू शकतात.

• लोणच्यातल्या मिठामुळे, रक्तदाब असणाऱ्यांना लोणच्यापेक्षा ताजी फोड बरी.

निवड आणि साठवण

आकाराच्या मानाने जड लागणारे फळ रसदार असते. नागपुरी संत्र्याची साल मुळातच सैल असते, पण ती फुगून आतले फळ हलत असेल तर ते सुकलेले समजावे. सालीवर थोडा हिरवा रंग म्हणजे फळ कच्चेच, असे नाही. लिंबू पातळ सालीचे आणि पिवळसर घ्यावे. लिंबे स्वस्त असतात तेव्हा धुऊन, पुसून, घट्ट डब्यात फ्रिजमध्ये ठेवली की बरेच दिवस टिकतात. रस काढून बर्फाच्या ट्रेमध्ये गोठवला तर रमजानमध्ये रोज एक-दोन खडे वापरता येतात. आंबट पदार्थ तांब्या-पितळेच्या, कल्हई उडालेल्या किंवा ॲल्युमिनियमच्या भांड्यांत ठेवू नयेत. काच किंवा चिनी मातीची बरणीच बरी.

दस्तरखानासाठी काही पदार्थ

बिनसाखरेची चाट : दोन संत्र्यांच्या सोललेल्या फोडी, एक पेरू, एक सफरचंद आणि अर्धी वाटी उकडलेले हरभरे एकत्र करावेत. भाजलेल्या जिऱ्याची पूड, मिरपूड, चिमूटभर काळे मीठ आणि अर्ध्या लिंबाचा रस घालावा. मगरिबच्या थोडे आधीच फळे कापावीत. फार आधी कापली की पाणी सुटते आणि सत्त्वही कमी होते.

संत्रे-गाजराची कोशिंबीर : दोन गाजरे किसून घ्यावीत. त्यात एका संत्र्याच्या बिया काढलेल्या फोडी, दोन चमचे दाण्याचे कूट, कोथिंबीर, बारीक चिरलेली हिरवी मिरची आणि मीठ घालावे. मेथीच्या भाजीबरोबर किंवा बाजरीच्या भाकरीबरोबर ही कोशिंबीर घेतली, तर वर सांगितलेले लोहाचे गणित आपोआप जुळते.

मोसंबी-सब्जा पाणी : एक चमचा सब्जा पंधरा मिनिटे भिजवावा. एक लिटर थंड पाण्यात सोललेल्या मोसंबीच्या फोडी, पुदिन्याची पाने आणि भिजलेला सब्जा घालावा. साखर नको. मोसंबीचा रस ठेवला की कडवट होत जातो, म्हणून हे पाणी लगेच संपवावे. फोडीही खाव्यात.

लिंबाचे बिनतेलाचे लोणचे : अर्धा किलो लिंबे धुऊन अगदी कोरडी करावीत आणि फोडी कराव्यात. सुमारे सव्वाशे ग्रॅम मीठ आणि एक चमचा हळद लावून बरणीत भराव्यात. पंधरा-वीस दिवस बरणी उन्हात ठेवावी आणि रोज हलवावी. साल मऊ झाली की चवीप्रमाणे तिखट आणि भाजलेल्या मेथ्यांची पूड मिसळावी.

संत्र्याच्या सालीची पूड : साली कोमट पाण्यात चोळून धुवाव्यात, सावलीत कडक वाळवाव्यात आणि दळाव्यात. ईदच्या शीरखुर्म्यात, शिऱ्यात किंवा घरच्या केकमध्ये चिमूटभर पूड घातली की मंद सुगंध येतो. जास्त घातली तर कडवटपणा उतरतो.

काळे लिंबू : कोकणातल्या ज्या घरांतली माणसे आखातात आहेत, तिथे लूमी म्हणजे मिठाच्या पाण्यात उकळून वाळवलेली काळी लिंबे ओळखीची असतात. एखादे लिंबू टोचून मटणाच्या रश्श्यात किंवा माशाच्या कालवणात सोडले की वेगळाच आंबट-धुरकट स्वाद येतो. यात क जीवनसत्त्व फारसे उरत नाही, पण चव आणि कमी मीठ घालण्याची सोय नक्की मिळते.

अल्लाहने या मातीला इतकी फळे दिली आहेत की हंगामात ती साध्या घरालाही परवडतात. त्यांची कदर करायची तर फार काही करावे लागत नाही. फळ चोथ्यासकट खावे, साखर हात राखून घालावी, लिंबू गरम भांड्यात न पिळता ताटात पिळावे आणि चहा थोडा उशिरा घ्यावा. आज रात्री फोडी कापताना घरातली माणसे मोजा. मोजताना सर्वांत शेवटी जेवणारीचीही एक फोड धरा.